आमेन म्हणवून घेणारे मास्तर

चांगदेव पाटोळे मास्तर मला कधीच आवडले नाहीत. एकोणऐंशी साली ते वारले, तेव्हा दौंडच्या चर्चमध्ये चार जण उठून त्यांच्याविषयी इतकं गोड बोलले की मी मधूनच उठून बाहेर आले. मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं, अशी आपल्यात रीत आहे. मला ती पाळता येत नाही, त्याला काय करू!

मास्तर आधी मिशनच्या शाळेत शिकवायचे. प्रार्थनेत आपल्याला लेखणीच्या सेवेचं पाचारण झालं, असं सांगून एक दिवस त्यांनी नोकरी सोडली आणि पुन्हा कुणाच्या पगारावर राहिले नाहीत. रेल्वे कॉलनीच्या मागं दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत टेबल, टेबलावर पवित्र शास्त्र आणि डबाभर तांबड्या पेन्सिली. केडगाव, शिरूर, पार नगरपर्यंतचे चर्चचे पाळक आणि गावोगाव फिरणारे प्रचारक आपापले कागद तिथं आणून टाकायचे. प्रवचनं, पत्रकं, गीतं आणि मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, मासिकासाठी साक्षी. साक्ष म्हणजे आपण प्रभूकडे कसे आलो याची हकिगत. मास्तर हे सगळं छापण्याजोगं करून द्यायचे. रेल्वेतले लोक त्यांना दुरुस्तीवाले मास्तर म्हणायचे.

"देव पुरवतो," असं मास्तर सांगायचे. पुरवायच्या त्यांच्या बायको, रंगुबाई. त्या दवाखान्यात आया होत्या. दिवसभर दुसऱ्यांची घाण काढून घरी आल्या की आधी मास्तरांसाठी चहा टाकायच्या, आणि कपाचा आवाज झाला तरी बाहेरून मास्तर म्हणायचे, "हळू, सेवा चालू आहे." सेवा यांची आणि कंबर मोडायची त्यांची!

मास्तरांचा हात मात्र चांगला होता, हे नाकारणार नाही. शिरूरच्या एका प्रचारकाचं वीस पानांचं रटाळ प्रवचन त्यांनी चार पानांत आणलं होतं. ते ऐकताना प्रचारकाचे स्वतःचे डोळे भरून आले, एवढं चांगलं आपण कधी बोललो म्हणून. पण साक्ष हातात आली की मास्तरांचा साचा ठरलेला. आधी पाप, मग पश्चात्ताप, मग शांती. गावाचं नाव, भांडण, मारहाण, कुणी कुणाला काय म्हटलं, सगळं तांबड्या रेघेखाली. दारुड्याची साक्ष आणि विधवेची साक्ष शेजारीशेजारी छापली, तर वरचं नाव वाचल्याशिवाय कुणाची कुठली ते कळायचं नाही.

आणि त्यांचा एक नियम होता. ज्याची साक्ष, त्याला ती दुरुस्त करून वाचून दाखवायची आणि त्यानं आमेन म्हटल्याशिवाय छापायला धाडायची नाही. या नियमाचा त्यांना फार अभिमान. "माझ्या हातून कुणाच्या मनाविरुद्ध एक ओळ गेलेली नाही," असं ते चर्चच्या पायरीवर उभं राहून सांगायचे. पण ते वाचायचे कसे, ते कुणी विचारलं नाही. डोळे अर्धे मिटून, प्रार्थनेच्या सुरात, शेवटचं वाक्य लांबवून थांबायचे. तिथं मंडळीतला माणूस दुसरं काय म्हणणार? कान तयार झालेले असतात. सूर थांबला की तोंडातून आमेन जातंच, अर्थ डोक्यात शिरायच्या आधी.

माझी आई, ताईबाई, अशीच सापडली.

आम्ही मूळचे शिरूरकडच्या एका गावचे. बहात्तरच्या दुष्काळात तिथं सरकारी टँकर यायचा आणि गावच्या विहिरीत रिकामा व्हायचा. त्या विहिरीवर आमच्या वस्तीला पाय ठेवू देत नव्हते. आई दोन दिवस घागर घेऊन लांब उभी राहिली. कुणी ओंजळभर वाढलं नाही. मग ओढ्यात खड्डा खणून जे गढूळ मिळालं ते घरात आलं. माझा सहा वर्षांचा भाऊ ज्योतिबा त्या पाण्यानं हगवण लागून तिसऱ्या दिवशी गेला. त्याला ओढ्याकाठी पुरलं, तिथं धड दगडही नाही. पुढं वडिलांना दौंडच्या लोको शेडमध्ये काम लागलं, आम्ही इकडं आलो आणि इथं बाप्तिस्मा घेतला. ज्योतिबा त्याआधीच गेलेला, म्हणून चर्चच्या वहीतही त्याचं नाव नाही. कुठंच नाही.

त्यामुळे पंचाहत्तर साली पाळकांनी आईची साक्ष मागितली, तेव्हा ती हरखून गेली. मला म्हणाली, "रंभा, माझ्या पोराचं नाव छापून येईल. इहिरीचं बी येईल. वाचंल की कुनीतरी." तिला एवढंच हवं होतं. मी तेव्हा केडगावला शाळेत शिकवायला जायची, म्हणून ती मास्तरांकडे एकटीच गेली. तिनं सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. आठ दिवसांनी पुन्हा बोलावून वाचून दाखवलं आणि ती आमेन म्हणून आली. "लई ग्वाड वाचलं मास्तरांनी," असं ती मला म्हणाली. मीच उलटून काही विचारलं नाही, याचा राग अजून आहे.

ईस्टरचा अंक आला त्या दिवशी शिरूरहून म्हाळूमामा आला होता. मामा बौद्ध झालेला, आईचा धाकटा भाऊ. आईनं कौतुकानं मला मोठ्यानं वाचायला लावलं. मी वाचलं. 'मी अज्ञानाच्या अंधारात चाचपडत होते. माझ्यावर दुःखाचे डोंगर कोसळले. परंतु प्रभूने मला जीवनाचे पाणी पाजले.' बस. पुढं शांती.

मामानं विचारलं, "पोराचं नाव कुठाय, ताई?"

आईनं अंक माझ्या हातातून घेतला. तिला अक्षर येत नव्हतं, तरी पान उलटसुलट करून बघत होती.

"आन् इहीर? तुमच्या पुस्तकात इहीर मावत न्हाई व्हय?" मामा म्हणाला. आईनं अंक मिटला. पदर खोचला आणि उठली. मी मागोमाग गेले.

मास्तर टेबलाशीच होते. मी चढ्या आवाजात विचारलं, हे कुणाच्या परवानगीनं गाळलंत? त्यांनी शांतपणे आईकडे बोट केलं. "यांच्या. मी वाचून दाखवलं, त्या आमेन म्हणाल्या."

"मला वाटलं म्होरं येईल नाव," आई म्हणाली. "तुमी थांबला, मी म्हनले."

मास्तरांचा चेहरा जरासुद्धा हलला नाही. ते मला समजावू लागले, वर्गातल्या ढ मुलीला समजवावं तसं. "हे पहा, साक्ष देवाची असते, गावाची नसते. तक्रारीला साक्ष म्हणत नाहीत. शिवाय त्या गावात आपला प्रचारक जातो. विहिरीचं छापलं तर उद्या त्याला वेशीच्या आत घेतील का? मी पुढचा विचार करतो."

मी म्हटलं, "मास्तर, टँकरच्या पाण्याला जीवनाचं पाणी केलंत तुम्ही. लाज कशी वाटली नाही?"

"रंभा, वडीलधाऱ्यांशी बोलतेस."

मी आणखीही बोलले असते. पण आतून रंगुबाई आल्या, हात पदराला पुसत. त्या घरात त्यांना बाहेरच्या खोलीत बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. "अवं, नाव तरी घाला की पोराचं. नावानं काय वेस बंद हुतीया?"

मास्तरांनी समोरचे कागद बाजूला सारले. मग कोरा कागद ओढला. त्यांचं अक्षर सुरेख होतं. लिहून झाल्यावर त्यांनी कागद हातात धरला आणि नेहमीच्या सुरात वाचला, "चिरंजीव ज्योतिबा, वय वर्षे सहा, प्रभूमध्ये निजला." म्हणाले, "पुढच्या अंकात चौकट करून देतो. ताईबाई, झालं समाधान?" आणि ते आईकडे बघत थांबले.

माझ्या मनात आलं, घे आई, मिळतंय तेवढं घे. तीन वर्षं कुठंच नसलेलं नाव छापून येणार होतं, चौकटीत. तिनं घेतलं असतं तर मी तिला कधी बोल लावला नसता. तिनं कागद मागून घेतला. नाव कुठलं ते मला विचारलं. मी दाखवलं. तिनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं, दोनदा.

मग तिनं कागद मास्तरांपुढं परत ठेवला.

"माझा ज्योतिबा निजला न्हाई, मास्तर," आई म्हणाली. "त्यो घान पान्यानं मेला. आन् चांगलं पानी हाकेच्या टप्प्यावर व्हतं. तुमास्नी तसं लिवायचं नसंल तर ह्ये बी ठिवू नका. खोडा."

"अहो, पण नाव..."

"खोडा म्हनते ना."

मास्तरांनी पेन्सिल उचलली. आई टेबलाशी उभी राहिली आणि नावावरून रेघ पुरी होईपर्यंत तिनं नजर काढली नाही.