दादाचे प्रभू, दादाचे कोळी

दादा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी त्याच्यावर रागावलेली होते, आणि खरे सांगायचे तर अजून आहे. आदल्याच दिवशी गिरगावला त्याच्या घरी जाऊन कडाकडा भांडून आले होते. उरलेले भांडण रविवारी, असे मनाशी ठरवून परळच्या आमच्या पडवीत कैऱ्यांना मीठ लावीत बसले होते, तोच दादाचा गाडीवान अंगणात येऊन उभा राहिला. डोक्यावरचे पागोटे हातात. "ताईसाहेब, गाडी आणलीय," एवढेच म्हणाला आणि रडायला लागला. सकाळी चहा घेता घेता दादाच्या छातीत कळ आली आणि डॉक्टर जिना चढून वर येईपर्यंत सगळे आटोपले होते. मिठाच्या हातांनी मी तशीच गाडीत बसले. वाटेत रडू यायचे ते आलेच, पण त्याच्या आधी तोंडातून शब्द गेले ते असे : "लबाडा, उत्तर न देता गेलास ना!" मोठ्या भावाला असे बोलू नये हे मला कळते. पण दादाला ओळखणारे वाचक मला समजून घेतील. वादात कोंडी झाली की पगडी घालून फिरायला निघून जायचे, ही त्याची जुनी रीत होती.

दादा म्हणजे विश्वनाथराव. सरकारी कचेरीत हेडक्लार्क होऊन पेन्शनीत निघालेला, आमच्या प्रभू ज्ञातीच्या सभांतून हमखास बोलणारा, आणि गिरगावातले वडिलांचे घर जीव टाकून सांभाळणारा. मला वाचायला त्यानेच शिकवले. तेव्हा घरातल्या बायका म्हणत, मुलीने पुस्तक हातात धरले की नवऱ्याचे आयुष्य कमी होते. दादा म्हणे, "असं? मग बी. ए. झालेल्यांच्या बायका का मरतात?" बायका पदर तोंडाला लावून हसत आणि मी पुढच्या धड्याला लागे. असा हा माणूस. लहानपणी त्याच्या जोरावर मी घरभर मिरवत असे, आणि म्हणूनच पुढे त्याचा इतका संताप यायचा. मुळातच आडमुठा असता तर मी दोन शब्द बोलून गप्प बसले असते.

पेन्शनीत गेल्यावर माणसे काशीला जातात, कोणी बाग करतात. दादाने तुलना सुरू केली. विषय असा, की मुंबईच्या बेटावर आम्ही प्रभू जुने आणि कोळीही जुने, किंबहुना कोळी आमच्याही आधीचे. पोर्तुगीज दोघांनी पाहिले, इंग्रज दोघांनी पाहिले. मग एक समाज कचेरीत आणि कोर्टात खुर्चीवर जाऊन बसला आणि दुसरा जाळी विणीतच का राहिला? प्रश्न चांगला होता, मी नाही म्हणत नाही. माझी चिडचिड उत्तरावर होती, कारण ते दादाने प्रश्नाच्या आधीच काढून ठेवले होते. "वंशाचा गुण, द्वारके. आपले पूर्वज राजाबरोबर लेखणी घेऊन या बेटावर आले." मी म्हणे, "अरे, राजाबरोबर आले त्यांना राजाने जमिनी दिल्या, मग इंग्रजांनी कचेऱ्या दिल्या. कोळ्यांच्या मुलांना शाळेत कोणी नेऊन बसवलं?" "बसवलं असतं तरी टिकली नसती." "कशावरून?" "वंशाचा गुण." असे फिरून फिरून तिथेच! आमच्या आळीतली किती प्रभू घरे लग्नकार्यांच्या थाटामाटात दुसऱ्यांच्या हाती गेली, पूर्वी बापामागून मुलाला आपसूक मिळणाऱ्या कचेरीतल्या जागा आता कोण कोण पटकावतो, हे मात्र त्या तुलनेत येत नसे. मी विषय काढला की म्हणायचा, "ते तात्पुरतं आहे." आपण कपाळावर हात मारून घ्यायचा, दुसरे काय!

व्याख्यानासाठी माहिती हवी म्हणून तो वरळीच्या कोळीवाड्यात निघाला तेव्हा परळहून मीही त्याच्या गाडीत चढले. म्हटले, बघू तरी हा काय विचारतो. कोळ्यांच्या पाटलाने ओट्यावर घोंगडी टाकून त्याला मानाने बसवले. दादाने चष्मा लावून सुरुवात केली : वर्षाची मिळकत काय, शिल्लक काय पडते, ठेवता कुठे? पाटील आणि त्याच्याभोवती बसलेले पुरुष एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी पाटील म्हणाला, "सायब, आम्ही दर्यान जातो. म्हावरा किनाऱ्याला लागला का आमचा काम सरला. पुढचा बायकांना इचारा." आणि बायका समोरच होत्या. वाळूवर रांगेने बसून मासळी निवडत होत्या, आमच्याकडे बघून आपसात फिदीफिदी हसत होत्या. मी दादाला कोपराने ढोसले. "जा की, विचार." तो मान हलवून हळूच म्हणाला, "छे छे! परक्यांच्या बायकांशी पैशाच्या गोष्टी? शोभतं का ते?" मला हसावे की रडावे कळेना. "रोज सकाळी मागल्या दारी पापलेटांसाठी हिरूबाय कोळणीशी घासाघीस करतोस, तेव्हा ती परक्याची बायको नसते का रे?" "ते घरगुती," दादा म्हणाला, आणि होड्यांची लांबी विचारायला लागला. पुढे व्याख्यानात त्याने काय लिहावे? 'कोळी पुरुषास आपल्याच मिळकतीची वार्ता नसते, यावरून या समाजाची बेफिकिरी दिसून येते.' ज्यांच्या कनवटीला सगळा व्यवहार, त्यांना विचारायचे नाही, आणि वर समाज बेफिकीर!

ती हिरूबायही तिथेच होती. दादाकडे आणि शेजारच्या दोन-चार प्रभू घरांत तीच मासळी घालायची. मला बघून हात पुसत आली आणि मोठ्याने विचारू लागली, "काय गो बाय, दादासायब आमच्या कोळीवाऱ्यान कशाला आलं?" तुम्ही मागे का राहिलात ते शोधायला, असे तिच्या तोंडावर मला सांगवेना. "सहज," म्हटले. मग तिचा मोर्चा आमच्याकडे वळला. "दादासायबाची पोर माणिक अजून घरानच बसते का गो? नवरा मेला त्याला किती वरसं झाली. माझा पयला दादला दर्यान गेला. मी दुसरा केला. म्हावऱ्याची पाटी एक दिस खाली ठेवली नाय." मला राग आला. आमच्यात असे नसते, असे मी तोऱ्यात म्हणाले. "मंग कसा असतंय?" तिने विचारले आणि उत्तराची वाट न बघता दुसऱ्या बाईवर ओरडत निघून गेली. हिरूबायचे सगळे झकास चालले होते असे मला मुळीच म्हणायचे नाही. तिच्या दुसऱ्या नवऱ्याची ताडी आणि तिच्या पाठीवरचे वळ आम्ही सगळ्या जाणून होतो, तिची मुले देवीच्या आजारात गेली होती, आणि नाव लिहायची वेळ आली तर तिला अंगठाच पुढे करावा लागे. पण सकाळी उठून घराबाहेर पडायला तिला कोणाची परवानगी लागत नव्हती. परतताना गाडीत मी दादाला हे सांगितले तर म्हणतो, "हे माझ्या विषयाबाहेर आहे."

विषयाबाहेर! माणिक त्याची एकुलती एक मुलगी. अकराव्या वर्षी लग्न, पुरते तीन सणही सासरी झाले नाहीत तो विधवा होऊन बापाकडे परत. आता बाविशीची. घरात बसून तिने दादाची सगळी कपाटे वाचून काढली, इंग्रजी शिकली, आळीतल्या मुलींना गणित समजावून सांगायची. ते बघून जवळच्या मुलींच्या शाळेच्या मुख्य बाई आपण होऊन घरी आल्या. शिक्षिकेची एक जागा रिकामी आहे, माणिकला पाठवा, म्हणाल्या. दादाने त्यांना सरबत पाजले, शाळेची स्तुती केली आणि "बघू" म्हणून रवाना केले. माणिक दर आठ दिवसांनी विचारी, "बाबा, मी जाऊ?" आणि हा म्हणे, "माझं व्याख्यान होऊ दे, मग बघू." कारण उघड होते. ज्ञातीची थोरवी सांगायला उभा राहिलेल्या गृहस्थाची विधवा मुलगी नोकरीला जाते, असे मागच्या खुर्चीवरून कोणी बोलले तर? व्याख्यान काही होईना, ते रोज वाढतच होते. शाळेच्या बाईंचा शेवटचा निरोप आला, की महिनाअखेर जागा दुसऱ्या कोणाला द्यावी लागेल. तो ऐकून मी तडक गिरगावला गेले. तीच आमची शेवटची भेट.

"दादा, मला एकच सांग. तुझ्या त्या तुलनेत माणिक कुठे बसते?"

"माणिकचा काय संबंध? समाजाची तुलना करताना घरातली माणसं मोजत नाहीत."

"मग कोणाच्या घरातली मोजतात रे? मला शिकवलंस, तेव्हा कोणाला घाबरला नाहीस. आता स्वतःच्या पोरीच्या वेळी काय झालं?"

त्याचा चेहरा एवढासा झाला होता. खुंटीवरची पगडी घेतली, आरशात बघून नीट बसवली आणि जिना उतरून गेला... मी वहिनीला म्हटले, "येऊ दे रविवार." वहिनी नेहमीसारखी गप्प होती. चाळीस वर्षे ती त्या घरात गप्पच होती.

दिवसकार्ये झाली. नंतर एका दुपारी ज्ञातीतली वडीलधारी मंडळी दिवाणखान्यात जमली. विश्वनाथरावांचे व्याख्यान छापून काढावे, हेच त्यांचे स्मारक, असे ठरले. कागदांचे गाठोडे सोडले आणि पंचाईत झाली. दादाने सगळे मोडीत लिहिलेले, तेही असे झरझर की ज्याचे नाव ते. नव्या बी. ए. झालेल्यांना मोडी धड येत नव्हती आणि जुन्यांना डोळ्यांनी दिसत नव्हते. "माणिकला येतं," मी आतल्या दारातून म्हणाले. "दादाला स्वतःचं अक्षर लागेनासं झालं की तीच वाचून दाखवायची." चुळबुळ झाली, पण इलाज नव्हता. माणिक दाराशी पाट घेऊन बसली आणि वाचू लागली. आवाज स्वच्छ, कुठे अडखळणे नाही. लेखणी, राजा, वंशाचा गुण, सगळे झाले. कोळ्यांची बेफिकिरी झाली. मंडळी माना डोलवीत होती. मी पडद्याआड दात आवळून ऐकत होते. मग ते वाक्य आले. 'विद्येच्या प्रभावाने आमच्या ज्ञातीतील प्रत्येक कर्ते माणूस आज मिळवते आहे, बसून खाणारे घरात कोणी नाही.' एवढे वाचून माणिक थांबली. हे वाक्य तिने बापाला कितीदा वाचून दाखवले असेल, आणि त्याने ते ऐकून घेतले असेल! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"अक्षर लागत नाही का पोरी?" मंडळींतले सर्वांत वडील, वकील भाऊसाहेब, मायेने म्हणाले. "राहू दे. तेवढं गाळ आणि पुढं वाच."

"अक्षर लागतंय," माणिक म्हणाली. "बाबांचं वाक्य मी गाळणार नाही. पण ते आज खरं नाही. मी सोमवारपासून शाळेत शिकवायला जाते. मग खुशाल छापा."

भाऊसाहेबांनी घसा खाकरला आणि घरातल्या थोर माणसाने आता काही बोलावे म्हणून आतल्या दाराकडे पाहिले. माझे तोंड उघडलेच होते, इतक्यात माझ्या शेजारून आवाज आला. वहिनी! परक्या पुरुषांच्या कानी जिचा आवाज कधी पडला नव्हता ती वहिनी.

"सोमवारी मी हिला लवकर वाढीन," ती म्हणाली, आणि पानसुपारीचे तबक बाहेर सरकवले.

सोमवारी मी मुद्दाम गिरगावला राहिले होते. दादाच्या खोलीत रस्त्याच्या बाजूला एक खिडकी आहे. घरातले कोणीही बाहेर निघाले, अगदी नोकर बाजाराला निघाला, तरी हातातले काम टाकून दादा त्या खिडकीत यायचा आणि ते माणूस वळणाआड होईपर्यंत बघत उभा राहायचा. गजांवर हात टेकून टेकून तिथला रंग उडाला आहे. माणिक पुस्तके घेऊन जिना उतरली तशी मी नकळत तिथे जाऊन उभी राहिले. ती भिंतीच्या कडेकडेने चालत होती, ओळखीचे कोणी दिसले की पदर ओढून घेत होती, पण थांबत नव्हती. वळणावर गेली आणि दिसेनाशी झाली. "बघ रे, बघ!" मी मोठ्याने म्हणाले. "महिनाभर थांबला असतास तर काय बिघडलं असतं? इथे उभा राहून तूच बघितलं असतंस." आणि बोलता बोलता माझ्या ध्यानात आले, की तो थांबला असता तर माणिक आज तो जिना उतरलीच नसती. मग मात्र मला इतका राग आला त्याचा, इतका राग आला, की मी त्याच्या खिडकीचे गज धरून पोटभर रडले.