गादीघराच्या माडीवरून दूरच्या ग्रहाकडे

कळमनुरीच्या बाजारात एक गादीघर आहे. बाजाराच्या दिवशी दुपारी त्याच्या माडीवर आमचा अभ्यासवर्ग भरायचा. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एसटीतली कंडक्टरकी संपल्यावर तो सुरू केला. गादीवाले चाचा त्यांचे जुने दोस्त. लोक विकायला ठेवलेल्या गाद्यांवरच बसायचे. काही जण ऐकायला यायचे, काही जण परतीच्या गाडीला अवकाश आहे म्हणून पाठ टेकायला. अण्णांना दोन्ही चालायचे. “झोपलेल्याच्या बी कानात जातंच की,” असं म्हणून ते बोलत राहायचे.

मी अण्णांच्या अंधश्रद्धाविरोधी संघटनेची पत्रकं वाचत वाढले. हुंड्यावरचं, भानामतीवरचं, पाण्याच्या टाकीवरचं. प्रत्येक पत्रकाच्या तळाशी अण्णा एक चौकट टाकायचे: ‘हे आम्हाला अजून माहीत नाही.’ संघटनेतले लोक वैतागायचे. समोरचा बुवा सगळं माहीत आहे म्हणून सांगतो आणि आपण आपलंच अज्ञान छापून वाटतो, असं त्यांचं म्हणणं. अण्णा ऐकायचे नाहीत. चौकट नसेल तर छापायचंच नाही.

यंदा वर्गाला माणसं रोडावली. त्यात चाचांच्या मुलाने फोमच्या गाद्यांची एजन्सी घेतली आणि माल ठेवायला त्याला माडी हवी झाली. चाचांनी अण्णांना खाली बसवून चहा पाजला.

“मास्तर, पोरगं काय चुकीचं बोलून राहिलं का? चार माणसांसाठी अख्खी माडी. ह्या बाजाराला माडी भरू द्या, मग मी त्याला थांब म्हणतो. न्हाई भरली तर मला तकलीफ देऊ नका.”

विषय अण्णांनीच निवडला. तेव्हा चॅनेलवर एकच धुमाकूळ होता: दुसऱ्या सूर्याच्या ग्रहावर जीव सापडला. चहाच्या टपरीवर, रसवंतीवर तेच. “ह्याच्यावर माडी भरंल,” अण्णा म्हणाले, “आन बोलायचं तू. माझ्या आवाजाचं काही खरं न्हाई आता.”

माडी भरली. जिन्यावरही माणसं बसली. मला आनंद व्हायला हवा होता. पण रात्रपाळी करून आल्यासारखं अंग जड झालं होतं. कारण पहिला बराच वेळ शेजारच्या औंढ्याबद्दल बोलण्यातच गेला. तिथे मोठी प्रयोगशाळा होते आहे, ती ह्याच परग्रहावरच्या लोकांना शोधायला, अशी सगळ्यांची पक्की समजूत. एकाने तर तिकडून कोणी आलं तर उतरणार कुठे, तेही ठरवलं होतं.

“औंढ्यालाच उतरतील. नागनाथाचं दर्शन घेतील, मग पुढं.”

“एसटीनं आले तर येतच न्हाईत,” मागून कोणीतरी म्हणालं, आणि अण्णांसकट सगळे हसले.

ती प्रयोगशाळा वेगळ्या कामाची, अवकाशातून येणाऱ्या अगदी बारीक लहरी टिपायची, हे सांगून मी मूळ विषयावर आले. खिडकीतून उन्हाची तिरीप आत आली होती आणि तिच्यात कापसाची तूस तरंगत होती. मी ती तिरीप दाखवली. तो ग्रह आपल्या ताऱ्याच्या समोरून जातो, तेव्हा ताऱ्याचा उजेड ग्रहाच्या हवेतून असाच गाळून येतो. हवेतला प्रत्येक वायू त्यातला आपापला भाग अडवतो. काय अडलं ते पाहून हवेत काय आहे ते ओळखतात. आपल्याकडे समुद्रातले सूक्ष्म जीव जो वायू सोडतात, त्याची खूण तिथे दिसल्यासारखी वाटली. मग दुसऱ्या शास्त्रज्ञांनी तीच मोजमापं तपासली, तेव्हा त्यांना ती खूण पक्की वाटेना.

“म्हंजे हाय का न्हाई?” मोबाइल हातात धरलेल्या एका पोराने विचारलं. “इथं तर लिहिलंय, सापडले म्हणून.”

“माहीत नाही.”

“मग इतक्या वेळ सांगून काय राहिल्या, ताई?”

भाजीची पिशवी मांडीवर घेतलेली एक म्हातारी म्हणाली, “तिला तरी काय ठाव? ती कवा गेली तिथं?” पुन्हा हसू झालं. पण ह्या वेळी हसता हसता लोक चपला शोधू लागले. जिन्यावरचे आधी उठले.

अण्णा माझ्या शेजारी खुर्चीवर होते. त्यांनी माझी बाही ओढली आणि हळूच म्हणाले, “आहे म्हण.”

मला वाटलं, मी काहीतरी भलतंच ऐकलं. मी त्यांच्याकडे पाहिलं.

“आहे म्हण, माय. एवढंच म्हण. बसतील लोक.”

चाचा दारात उभे राहून डोकी बघत होते. एक शब्द पुरला असता. त्या शब्दाने कोणाचं नुकसानही झालं नसतं. ना कोणाची जमीन जाणार होती, ना कोणाला भानामतीच्या नावाने मारणार होते. तरी मला तो उच्चारता आला नाही. मी म्हणाले, “माहीत नाही. शोधणं चालू आहे, आणि तेच मला मोठं वाटतं.” तोवर निम्मी माडी उतरली होती.

खाली चाचांनी अण्णांचा हात दोन्ही हातांत धरला. त्यांचा मुलगा टेप घेऊन वर माप घ्यायला गेला.

गाडीत खिडकीची जागा मिळाली. मी म्हणाले, “अण्णा, तुमी असं काहून म्हणालात?”

“थकलो गं.” मग त्यांनी विचारलं, “तुला काय वाटतं? असंल का कोणी?”

“वाटतं, असावं. लई वाटतं.”

“मला बी,” ते म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. मला त्यांचा राग आला होता. तो गाडी गावाच्या फाट्यावर येईपर्यंत टिकला नाही.

आता आम्ही बाजाराला जातो, भाजी घेतो आणि आधीच्या गाडीने परत येतो. उन्हं असतानाच घरी पोहोचतो. अण्णा अंगणात खुर्ची टाकून बसतात. मी आत जाऊन पिशवी रिकामी करते.