बी साइडचं शेवटचं गाणं

दहावी पास झाल्यावर मी पप्पांकडे एकच गोष्ट मागितली होती: एका पॉप गायिकेच्या गाजलेल्या गाण्यांची कॅसेट. तिच्या सगळ्या अल्बममधली निवडून काढलेली बारा गाणी एकाच कॅसेटवर आली होती. पप्पा साकीनाक्याला लेथवर काम करायचे. एक दिवस कामावरून येताना ते कॅसेट घेऊन आले. कव्हरवरच्या गायिकेचे रंगवलेले केस त्यांनी बराच वेळ न्याहाळले, अख्खी ए साइड माझ्याबरोबर बसून ऐकली आणि म्हणाले, ‘आवाज बरा आहे बाईचा.’ त्यांच्याकडून ही मोठीच पावती होती, कारण पप्पा स्वतः गायचे. घाटकोपरच्या आमच्या वस्तीतल्या गायन पार्टीचे ते मुख्य गायक होते, आणि जयंतीच्या महिन्यात त्यांचा घसा कधी जागेवर नसायचा.

मला मात्र त्या गायन पार्टीची लाज वाटायची. आज लिहितानाही बरं वाटत नाही, पण वाटायची. कॉलेजच्या मैत्रिणी घरी आल्या की पप्पा नेमके पेटी काढून बसायचे. एकच ओळ दोनदा, मग तीच कोरससाठी आणखी दोनदा. कोरसचं पोरगं चुकलं की पप्पा रागवायचे नाहीत, नुसतं ‘पुन्हा’ म्हणायचे. त्या ‘पुन्हा’ने माझं डोकं उठायचं.

पुढच्या वर्षी जयंतीच्या आधी पप्पांनी स्वतः एक गाणं रचलं, आयुष्यातलं पहिलंच. त्यांच्या आईवर. आजी म्हातारपणी प्रौढांच्या वर्गात जाऊन सही करायला शिकली होती आणि त्यानंतर तिने कुठल्याही कागदावर अंगठा उठवला नाही, त्याचं गाणं. पार्टीतल्या पोरांना पाठ करायला ते टेप करून हवं होतं. कोरी कॅसेट घरात नव्हती. विकतच्या कॅसेटच्या मागच्या कडेला दोन भोकं असतात, त्यांवर सेलोटेप चिकटवली की तिच्यावरही रेकॉर्डिंग होतं, हे तेव्हा घरोघरी ठाऊक होतं. पप्पांनी माझ्या कॅसेटला सेलोटेप लावली. पण विचार करून लावली बरं का. चांगली गाणी कंपनीवाले पुढे टाकणार, उरलंसुरलं शेवटी, असा हिशेब करून त्यांनी बी साइडचं शेवटचं गाणं निवडलं.

तेच माझं सर्वांत लाडकं होतं.

पप्पांच्या दोन ओळी ऐकून मी टेप बंद केला आणि आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. मी रागीट आहे, आणि त्या वयात तर मला राग पुरवून पुरवून वापरता यायचा. पोरांचं गाणं पाठ होऊन जयंती पार पडली, तशी मी मैत्रिणीची तीच कॅसेट मागून आणली, तिच्याच घरच्या दोन कॅसेटवाल्या टेपवर माझं गाणं जागच्या जागी पुन्हा भरलं, आणि ते संपताच खटकन बटण दाबलं. सेलोटेप पप्पांनी लावून ठेवलेलीच होती. बऱ्याच महिन्यांनी त्यांनी सहज विचारलं, ‘आपलं गाणं आहे ना गं त्याच्यात?’ मी म्हटलं, ‘आहे.’

त्यानंतर तीस वर्षं कुणी विचारलं नाही. गायन पार्टी मोडली, पोरं पांगली, मी लग्न होऊन जोगेश्वरीला आले.

गेल्या वर्षी पप्पांच्या घशात गाठ निघाली आणि ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढावं लागलं. आता ते नातवाच्या पाटीवर लिहून बोलतात. यंदा जयंतीच्या तयारीत धाकट्या भावाचा फोन आला. ताई, पप्पांचं ते गाणं तुझ्या कॅसेटवर आहे ना, विहारात स्पीकरवर लावू, मी कमिटीला सांगून पण टाकलंय. पप्पांनाही सांगितलं होतं. ते ऐकून त्यांनी म्हणे दाढी केली.

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

माळ्यावर कॅसेट सापडली, टेपरेकॉर्डर सापडला, पण त्याचा पट्टा तुटलेला. घाटकोपरला जाताना साकीनाक्याला उतरून एका जुन्या मेकॅनिककडे तो दिला. खरं तर मी वेळ काढत होते. त्याला विचारलंही, इतक्या वर्षांनी टेपवरचं उडतं का हो? तो म्हणाला, उडतं ना, कधी कधी अख्खं गाणं साफ. म्हणजे सबब हातात आली होती. भावाने ती लगेच मानली असती, आणि पप्पांनीही.

पट्टा टाकून त्याने माझी कॅसेट लावली आणि दुसऱ्याचा मिक्सर उघडून बसला. माझं लाडकं गाणं वाजलं. खरं सांगायचं तर फार काही ग्रेट नव्हतं. ते संपलं. इतकी वर्षं मी या जागी न चुकता बटण दाबून मागे घ्यायचे, पुन्हा तेच ऐकायला. या वेळी बटण माझ्या हातात नव्हतं. मी म्हटलं, बंद करा, झालं. तो म्हणाला, ‘राहू द्या ताई, शेवटपर्यंत पळवून बघतो, पट्टा घसरतो का ते.’

थोडी खरखर झाली, आणि पप्पा गायला लागले.

तिचं गाणं चार मिनिटांचं होतं. पप्पांचं, एकेक ओळ चारदा म्हणत, त्यापुढे गेलं होतं. माझ्या पुसण्यातून शेवटचं कडवं सुटलं होतं, आणि आमच्याकडे शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येतं. तेवढं राहिलं होतं: आजीची सही, आणि तिच्याखाली पप्पांच्या भरदार आवाजात पप्पांचं नाव. मी त्या दुकानात मिक्सरच्या भांड्यांमध्ये उभी राहून रडले. मेकॅनिकने मान वर केली नाही, हे त्याचे उपकार.

पप्पांच्या घरी पोचल्यावर सबब अजून जवळ होतीच, उलट आता ती जास्तच पटण्यासारखी झाली होती. आधीचं उडालं, शेवटचं वाचलं. पप्पा टेपजवळ खुर्ची ओढून बसले होते. मी प्लग लावला आणि तशीच खाली बसले.

‘पप्पा, मी तेव्हा खोटं बोलले. तुमचं गाणं मी पुसलंय. रागाने. फक्त शेवटचं कडवं राहिलंय.’

पप्पांनी हाताने खूण केली, लाव. त्यांनी डोळे मिटून स्वतःचा आवाज ऐकला. नाव आलं तेव्हा त्यांची मान किंचित हलली. मग त्यांनी पाटी ओढली आणि लिहायला लागले. मला वाटलं, आता माझ्यासाठी काहीतरी येणार, आणि ते मला ऐकून घ्यायचंच होतं. पण त्यांनी लिहिलं ते पहिलं कडवं होतं. खाली एक शब्द आणि प्रश्नचिन्ह: ‘चाल?’

चाल मला येत होती. तालमीच्या वेळी भिंतीकडे तोंड करून कानांवर उशी दाबून झोपायचे, तरी अख्खी चाल माझ्या आत जाऊन बसली होती. मला गाता येत नाही, हे सगळ्या घराला माहीत आहे. तरी पाटीवर बघून मी पहिली ओळ म्हटली. पप्पांनी खुर्चीच्या दांड्यावर बोटांनी ठेका धरला. दुसऱ्या ओळीत मी घसरले आणि थांबले.

त्यांनी पाटीच्या कोपऱ्यात जागा करून लिहिलं, ‘पुन्हा.’