झावळ्यांच्या रविवारचे झाडू

यरुशलेममध्ये प्रभू येशूचं स्वागत लोकांनी झावळ्या हलवून केलं. धुळ्यात ते आम्ही झाडू हलवून केलं, आणि याला सर्वस्वी मी जबाबदार आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ईस्टरच्या आधीचा रविवार हा आमचा झावळ्यांचा रविवार. प्रभू गाढवावर बसून शहरात आला, लोकांनी वाटेवर झावळ्या अंथरल्या, 'होसान्ना' म्हणत जयजयकार केला आणि शुक्रवार उजाडेपर्यंत 'याला क्रुसावर द्या' असा ओरडाही केला. माणसाचा काही भरवसा नाही, असा त्या दिवसाचा एक अर्थ आहे. (फादर तो प्रवचनात बराच सभ्यपणे सांगतात.) आम्ही त्या दिवशी आशीर्वाद दिलेली झावळी हातात घेऊन रस्त्याने मिरवणूक काढतो. नंतर ती घरी नेऊन क्रुसामागे खोचतो. ती टाकायची नाही, तुडवायची नाही, कुठल्या घरकामाला वापरायची नाही.

आता धुळ्याच्या उन्हात नारळाची झावळी कुठून आणायची? इथे मिळते ती शिंदी, म्हणजे रानखजूर. नाल्याकाठी उगवते आणि तिच्या बुडाशी दाभणासारखे काटे असतात. तीस वर्षं चर्चसाठी ही शिंदी माझ्या बाबांनी आणली. शुक्रवारी तोडायची, सायकलवर लादायची आणि रविवारपर्यंत सुकू नये म्हणून आमच्या न्हाणीघरात पाण्यात उभी करायची. ते दोन दिवस आम्ही भावंडं शेजारी आंघोळीला जायचो. बहुतेक वेळा जायचो नाही.

बाबा गेल्या पावसाळ्यात गेले. यंदा एका मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, फादरांनी सर्वांसमोर विचारलं, "झावळ्यांची सेवा आता कोण स्वीकारील?" फादर मूळचे केरळचे, मराठी पुस्तकातून शिकलेले, त्यामुळे त्यांनी काहीही विचारलं की नाही म्हणणं जड जातं. मी हात वर केला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "बापाचा मुलगा शोभतोस," असं तिघांनी तरी म्हटलं.

घरी येताना आई एवढंच बोलली, "पहिली झावळी त्यांच्या थडग्यावर ठेवायची. मी स्वतः ठेवणार. जमेल ना तुला?"

"आई, मी पंचेचाळीस वर्षांचा आहे. शाळेत भूगोल शिकवतो. झाडाची पानं तोडायला काय लागतं?"

काय लागतं ते मला शुक्रवारी कळलं. पिंपळनेर रस्त्याला माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांचं शेत आहे. त्यांच्या बांधावरची शिंदी तोडता तोडता माझा सदरा फाटला, दोन्ही हात ओरबाडले आणि एक काटा अशा जागी शिरला की दोन दिवस शाळेत उभ्यानेच शिकवावं लागलं. तरी जीपभर झावळ्या घेऊन मी विजयी मुद्रेने दारात आलो. बायको उंबऱ्यातच उभी होती.

"न्हाणीघरात नाही," ललिता म्हणाली.

"अगं, बाबा तीस वर्षं..."

"त्यांना तुमच्या आई बोलत नव्हत्या. मी बोलते."

आई आतून म्हणाली, "न्हाणीघरातच ठेव. घरचं काम घरात असावं." दोन बायकांच्या मधे सापडलेला माणूस जे करतो तेच मी केलं, म्हणजे तिसराच मार्ग शोधला. गल्लीच्या टोकाला रशीदभाईंची शेड आहे. थंडगार सावली, शेजारी पाण्याचा मोठा हौद. रशीदभाई आणि मी एका वर्गात होतो. दुपारची वेळ, ते जुम्म्याच्या नमाजाला गेलेले. मी सगळ्या झावळ्या हौदात उभ्या केल्या, एका कागदावर 'सर – रविवार सकाळ' असं लिहून तो वर सुतळीने बांधला आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन घरी आलो.

रशीदभाईंचा धंदा झाडू बांधण्याचा आहे, हे मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एवढंच, की गावोगावचे शेतकरी आपल्या बांधावरची शिंदी आणून त्याच हौदात ठेवतात, वर नाव आणि दिवस लिहिलेली चिठ्ठी बांधतात, आणि त्या दिवशी येऊन तयार झाडू घेऊन जातात. (भूगोलाच्या पुस्तकात 'स्थानिक उद्योग' हा धडा आहे. मी तो दरवर्षी शिकवतो.)

रविवारी सकाळी सहाला मी शेडवर पोचलो तर हौद रिकामा. भिंतीपाशी हिरवेगार झाडू रांगेत रचलेले, मुठी लाल दोऱ्याने बांधलेल्या. रशीदभाई खुर्चीत बसून चहा पीत होते. डोळे तांबारलेले.

"घ्या सर. तीन माणसं लावली. चोपड्याची ऑर्डर मागे ठेवली, पण तुमचं काम आधी केलं. हात फिरवून बघा, एक काटा सापडला तर रशीद नाव लावणार नाही."

"रशीदभाई, एवढे झाडू मला कशाला, हे तुमच्या मनात नाही आलं?"

"आलं ना. पण म्हटलं, सर शाळेतले माणूस. शाळेला लागत असतील."

"अहो, या चर्चच्या झावळ्या होत्या! मिरवणुकीच्या!"

रशीदभाईंनी कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "तुमचे अब्बा मला दर साली सांगून जायचे, की रशीद, नाल्यावरची अमुक शिंदी सोड, आमच्या सणाची आहे. तुम्ही काही बोललाच नाहीत, सर."

सात वाजता मिरवणूक. नवी शिंदी तोडायला वेळ नव्हता. मी झाडू रिक्षात घालून चर्चच्या आवारात उतरवले. टाळ्या वाजवणारी तीच मंडळी जमलेली होती. कोणी ओरडलं नाही, हे खरं आहे. सगळे नुसते बघत होते, ते जास्त वाईट. एकाने आकाशाकडे बघून म्हटलं, "आज याचे बाबा असते तर..." आईने एक झाडू उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि माझ्याकडे न बघता पदराखाली घेतला. त्या क्षणी मला खरोखर रडू येत होतं.

फादरांनी शांतपणे विचारलं, "हे पर्ण तेच आहे ना?"

"पर्ण तेच आहे, फादर. फक्त बांधलंय."

"मग प्रभूला चालेल." त्यांनी पवित्र पाणी शिंपडून सगळ्या झाडूंना आशीर्वाद दिला.

आम्ही 'होसान्ना' गात निघालो, प्रत्येकाच्या हातात उभा झाडू. पहिल्याच वळणावर ओट्यावरच्या म्हाताऱ्या अक्कांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "अरे भो, हाई काय शे? बठ्ठा लोके झाडू लई कोठे चालनात? लक्ष्मीले अशी उभी धरतस का?" अर्ध्या लोकांनी घाबरून झाडू आडवे केले, मागच्यांच्या पोटात गेले, आणि होसान्नाचा सूर गेला तो गेलाच.

पुढच्या चौकात आमच्या वॉर्डाचे नगरसेवक मॉर्निंग वॉकला निघालेले होते. त्यांना समोर आम्ही दिसलो: शंभर एक माणसं, शुभ्र कपडे, हातात कोरे झाडू! त्यांचा चेहरा उजळला. "वा सर! स्वच्छता अभियान? मला सांगितलं असतं तर बॅनर छापला असता." मी काही बोलायच्या आत त्यांनी माझ्याच हातातला झाडू घेतला, मिरवणुकीच्या पुढे जाऊन उभे राहिले आणि ख्रिस्ती बांधवांच्या नागरी जाणिवेवर पाच मिनिटं भाषण केलं. मग "चला, इथूनच सुरुवात करू," म्हणत कचराकुंडीपाशी वाकले. आमचे लोक मुळात आज्ञाधारक. फादर मिरवणुकीच्या शेवटी, त्यांना पुढचं दिसत नव्हतं. पहिल्या दोन रांगा वाकल्या आणि झाडायला लागल्या.

"झाडू नका!" मी किंचाळलो. "आशीर्वाद दिलेले आहेत!"

नेमका तेव्हाच कोणीतरी माझा फोटो काढला. हात वर केलेला, तोंड उघडं. दुपारपर्यंत तो वॉर्डाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होता, खाली ओळ – 'नागरिकांना मार्गदर्शन करताना सर'. शाळेच्या मुख्याध्यापकांनी अभिनंदन केलं आणि पुढच्या शनिवारी शाळेच्या मैदानाच्या सफाईचं काम माझ्याकडे दिलं.

मिस्सा संपल्यावर मी आईला दफनभूमीत घेऊन गेलो. वाटेत दोनदा म्हणालो, "आई, चुकलं माझं. उद्या चांगली झावळी आणतो, एकच, घरी ठेवतो, न्हाणीघरात." ती पुढे चालत राहिली. बाबांचं थडगं पालापाचोळ्याने झाकून गेलं होतं. क्रुसावरचं नावही दिसत नव्हतं. पावसाळ्यानंतर मी तिथे फिरकलोच नव्हतो. आईने पदराखालून झाडू काढला आणि माझ्या हातात दिला.

"झाड."

"आई, आशीर्वाद दिलेला झाडू आहे. वापरायचा नसतो."

"जागा पण आशीर्वाद दिलेलीच आहे. झाड."

मी झाडलं. रशीदभाईंचं काम पक्कं होतं, एक पान गळलं नाही. मी कंबर धरून उभा राहिलो, म्हटलं, आता तरी आई काही बरं बोलेल. तिने एक फेरी मारून बघितलं आणि म्हणाली, "पायाकडचं राहिलं. पुन्हा कर." बाबांसाठी करायच्या सगळ्या कामांतलं हे एवढं एकच काम मला जमलं, आणि तेही तिसऱ्या खेपेला.