बोलणारा डबा

सासऱ्यांना मी मामा म्हणायचे आणि सासूबाईंना आत्या; आमच्या साताऱ्याकडची ती रीत. मामा वाशीच्या बाजारात हमालांच्या टोळीचे मुकादम होते. ट्रकवरून गाळ्याच्या आतपर्यंत ऐकू जाईल असा आवाज. काम सुटल्यावर जुईनगरच्या आमच्या घरात तो आवाज एकट्या आत्यांवर चालायचा. चहा पातळ झाला, पदर पडला, हाक ऐकू गेली नाही, सगळ्याला एकच वाक्य : "अक्कल हाय का?"

मग त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजायचं सगळं, पण तोंडातून फक्त एक लांबलचक "आँ" निघायचा. मोबाईलवर चित्रं दाखवून बघितली, तर थरथरणारं डावं बोट नेहमी शेजारच्याच चित्रावर पडायचं.

मला छोट्या कॉम्प्युटरचा नाद आहे. पत्त्यांच्या कॅटाएवढी एक उघडी पाटी असते, आणि तिची सगळी अक्कल नखाएवढ्या मेमरी कार्डात. तसल्याच एकावर मी बाल्कनीतल्या कुंड्यांना आपोआप पाणी जाईल असं करून ठेवलं होतं. आता दुसरा घेऊन प्लास्टिकच्या डब्यात बसवला, स्पीकर जोडला आणि वर मोठमोठी रंगीत बटणं लावली. बटण दाबलं की एक वाक्य. आवाज नवऱ्याचा घेतला, कारण तो थेट बापासारखा आहे.

वाक्यं मामांना विचारूनच ठरवली. पाणी द्या, दुखतंय, कूस बदला, लघवीला लागलीय. प्रत्येकाला मान हलली. पिवळ्या बटणाला काही सुचेना, तेव्हा नवरा गमतीत म्हणाला, "अक्कल हाय का?" झटक्यानंतर पहिल्यांदाच मामांचा अर्धा चेहरा हसला. त्यांनी गादीवर थाप मारली. आम्हीही हसलो. आत्या पाकिटातून गोळ्या काढत होत्या, त्या काढतच राहिल्या.

बाकीची बटणं गरजेपुरती वाजायची. पिवळं दिवसभर. आत्यांनी त्यांचं तोंड पुसलं, की "अक्कल हाय का?" भांडं सरकवलं, की "अक्कल हाय का?" शेजारीण बसायला आली की लागोपाठ दोन-तीनदा. आणि आता ते आत्यांच्या मुलाच्या आवाजात. फार झालं की त्या उठून भिंतीतला प्लग उपटायच्या.

"आत्या, असं उपटू नका," मी सांगितलं. "आत कार्डावर काहीतरी लिहिणं चालू असतं. मध्येच करंट गेला की कार्ड खराब होतं. मागचं हे बारकं बटण दाबायचं, हिरवा दिवा विझू द्यायचा, मग प्लग."

"आन् खराब झालं तर?"

"तर डबा मुका होईल."

"असं व्हय," आत्या म्हणाल्या.

त्यानंतर उपटणं वाढलं. प्लग लावायच्या, डबा जागा होतोय तोवर काढायच्या, परत लावायच्या. मी ऑफिसला गेल्यावर किती वेळा, ते त्यांनाच माहीत. एका सकाळी मामांनी पिवळं बटण दाबलं आणि काहीच आलं नाही. लाल दिवा जळत होता, हिरवा लुकलुकत नव्हता. कार्ड लॅपटॉपला लावलं तर त्याला ते वाचताही येईना. मामा इकडे दाबतच होते. बटणाची नुसती टक टक.

"नवीन कार्ड मागवते," मी म्हणाले.

"काय घाई न्हाई," आत्या म्हणाल्या.

दुपारी त्यांनी मामांच्या उशाशी खुर्ची ओढली आणि मेथी निवडता निवडता बोलायला लागल्या. आवाज अजिबात चढवला नाही.

"माजी आय गेली तवा तुमच्या टोळीची मानसं जेवायला हुती. त्यास्नी वाढून मग मी यष्टीत बसले. पोचले तवर राख झालेली. तुमी काय म्हनलावता, आठवतंय? आं? बोला की."

मामांनी "आँ" केलं. आत्यांनी तस्साच "आँ" काढून दाखवला आणि हसल्या. मामांनी डोळे मिटले, तर हनुवटीला बोट लावून म्हणाल्या, "हिकडं बघा. अजून संपलं न्हाई."

नवरा आतून आला. "आई, बास आता."

"तू गप. तुजा आवाज लई ऐकला म्या त्या डब्यातनं."

तो परत आत गेला.

नवीन कार्ड आलं तेव्हा आत्या स्वतः येऊन माझ्याजवळ बसल्या. "पानी, लघवी, ते समदं हुतं तसंच ऱ्हाऊ दे. पिवळ्यावर मी सांगते ते भर." आणि त्यांनी सांगितलं : "चहा फक्कड झालाय. तू हाईस म्हणून मी हाय." नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. मग त्याने माईक तोंडाशी धरला.

मामांनी पिवळं दाबलं. वाक्य आलं. त्यांना वाटलं चुकीचं बटण लागलं. परत दाबलं. तेच. त्यानंतर त्यांनी त्या बटणाला हात लावला नाही.

मग आत्या लावायला लागल्या. चहा पाजून झाला की त्यांचा डावा हात उचलायच्या आणि पिवळ्यावर दाबायच्या. एकदा मामांनी तोंडातला चहा गिळलाच नाही, सगळा आत्यांच्या पातळावर सोडला. आत्यांनी त्यांची हनुवटी पुसली आणि तोच हात परत बटणावर दाबला. "चहा फक्कड झालाय."

हे कार्ड मात्र आत्या तळहातावरच्या फोडासारखं जपायच्या. रोज मागचं बारकं बटण, हिरवा दिवा विझेपर्यंत वाट, मगच प्लग. लाईट जाईल म्हणून डब्यापुरती बॅटरीही माझ्याकडून बसवून घेतली.

गावाकडची माणसं बघायला आली, तेव्हा सगळ्यांसमोर आत्यांनी हात धरून बटण दाबलं. मामांच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी आलं. त्यांची थोरली बहीण पदर तोंडाला लावून म्हणाली, "आयुष्यभर जे जमलं न्हाई, ते आता बोलला बगा माजा भाऊ."

"मी हे बदलते," मी रात्री नवऱ्याला म्हणाले. तो पाठ फिरवून झोपला होता. "असू दे," तो म्हणाला, "आई आता जेवते पोटभर."

पुढच्या उन्हाळ्यात मामा गेले. दहाव्यानंतर शेजारीण आली, आत्यांचा हात हातात घेऊन म्हणाली, "शेवटी शेवटी किती गोड बोलायचे हो तुमच्याशी."

"व्हय," आत्या म्हणाल्या. "आजारपनानं मानूस बदलतंय." आणि मला म्हणाल्या, "चहा टाक गं त्यांना."