अठ्ठेचाळीस वॉटचं पातं

सकाळी सहा पन्नास. मावशी स्टुलावर उभ्या राहून छताच्या पंख्याचं तिसरं पातं घट्ट करत होत्या. गुडघा कुरकुरत होता. पंख्यांच्या या कारखान्यात त्यांची एकोणीस वर्षं पात्यांची त्रिकुटं जुळवण्यात गेली. तिन्ही पाती एका वजनाची नसली तर पंखा डुलतो, आणि त्यांचा तळहात हे वजनकाट्याआधी सांगतो.

गेल्या वर्षी त्यांनी पाण्याचा जाड प्लास्टिकचा पाइप उभा चिरून पातं काढलं. पाइपाचा बाक आयता मिळतो, पत्रा दाबायची कटकट नाही. घरचा पंखा त्यासाठी अकरा वेळा उतरला. "आपल्याकडे पाहुण्यांपेक्षा पंखेच जास्त येतात-जातात," लेक म्हणाली होती.

काल चाचणी झाली. पत्र्याच्या पात्यांना बहात्तर वॉट लागत, या पाइपाच्या पात्यांना अठ्ठेचाळीस, आणि वारा तेवढाच. मालक खूश. आज अकराला, अशी पाती ढिगाने काढायचा साचा करायला, साचेवाला येणार होता. साचा एकदा कापला की पात्याचा पीळ बदलता येत नाही.

आज कामावर येताना फाटकात रखवालदार म्हणाला होता, "काल उकडत होतं म्हणून मीच मागचं दार उघडलं. बरं वाटलं ना?"

म्हणजे कालचा सगळा वारा पात्यांचा नव्हता, काही दारातून आलेला होता.

आता दार लावून त्यांनी पंख्याखालच्या पाचही खुणांवर वाऱ्याचा मीटर धरला. दोनदा धरला. वारा कालच्यापेक्षा दहा टक्के कमी.

नऊला मालक आले. "पुन्हा काय काढलंत?"

"कालचा वाऱ्याचा आकडा खोटा आहे. मागचं दार उघडं होतं."

"कोणाला माहितीये?"

"मला. आता तुम्हालाही."

"मावशी, दुकानदारांना अठ्ठेचाळीस सांगून बसलोय मी!"

"पीळ दोन अंश वाढवला तर वारा पुरेल. पण वॉट चौपन्नपर्यंत जातील."

मालकांनी कालचा कागद उलटा केला, सुलटा केला. "एक दिवस आधी सुचलं नाही तुम्हाला?"

"नाही सुचलं."

मालकांनी साचेवाल्याला फोन लावला, "आज येऊ नका," म्हणाले आणि बोलत बोलत बाहेर गेले. आभार कोणी मानले नाहीत, मावशींनी वाटही पाहिली नाही. त्यांनी पाती उतरवली, एकेक गरम करून नव्याने पिळली, निवायला ठेवली. मग रखवालदाराकडून मागच्या दाराची किल्ली मागून घेतली.

उद्याची चाचणी सहा पन्नासला आहे. किल्ली मावशींच्या पिशवीत आहे.