रुईत गुंडाळलेला फोन

एखादी वस्तू बंद केल्याशिवाय तिचं मोल कळत नाही, यावर आमच्या बडेबाबूंइतकी श्रद्धा असलेला माणूस वर्धा जिल्ह्यात दुसरा झाला नसावा. आंजीच्या जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, ते हेडक्लार्क होते. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच, बी.ए. होताच मला तिथे चिकटवलं तेही त्यांनीच. चहाचं महत्त्व मोजायला त्यांनी आठवडाभर ऑफिसचा चहा बंद केला आणि कोण किती वेळा खेकसलं याची नोंद ठेवली. चष्म्याचं मोजताना पायरीवरून पडले, आणि उठता उठता मला म्हणाले, "लिही, गरज आहे."

पुढे जिनात फोन आला. वर्षभराने संचालकांनी बडेबाबूंनाच सांगितलं, या यंत्राची खरी गरज किती, ते मोजून लिहून द्या. साठी उलटलेल्या बडेबाबूंना दरवर्षी मुदतवाढ मिळे. फोन ठेवायचा तर त्याचा खर्च त्यांच्याच पगारातून भागवायचा होता, म्हणजे यंदा ती मिळणार नव्हती, आणि मग त्यांना केळझरला भावाच्या आश्रयाला जावं लागणार होतं.

"बडेबाबू, गरज नाई म्हणून लिहून द्या ना," मी म्हटलं.

"मोजल्याबिगर? तुले बी.ए. कोनी केलं रे?"

त्यांनी फोन सरकी काढलेल्या रुईत गुंडाळून पेटीत ठेवला. आठ दिवस कोणी उचलायचा नाही. आत घंटी गुरगुरली की ते बोटांवर मोजत. चौथ्या दिवशी सरकी काढायच्या यंत्राचा पट्टा तुटला आणि जिन बंद पडलं. नवा रेल्वेने यायचा होता, पण आल्याचा निरोप मिळणार कुठून? फाटकाबाहेर कापूस भरलेल्या बैलबंड्यांची रांग लागली. दोन दिवसांनी मला राहवेना. फोनशिवायही भागतं असं दिसावं म्हणून मी गुपचूप सायकलने वर्ध्याला गेलो. पट्टा आदल्या दिवशीच स्टेशनात येऊन पडला होता. तो आणला, जिन सुरू झालं.

बडेबाबूंनी मला बोलावलं. "तू वर्ध्याले काऊन गेलता?"

"तुमच्यासाठी, बडेबाबू."

"काट्यावर बोट ठेवून तोललेला कापूस मी कधी लिहून घेतला का रे, पोट्ट्या?" ते थकल्या आवाजात म्हणाले, आणि माझ्यासमोरच अहवालात लिहिलं: दोन दिवस बंड्या उभ्या राहिल्या, फोन आवश्यक.

महिनाअखेर ते केळझरला गेले. आता दिवसभर तो फोन मीच उचलतो. कापसाचे भाव, मालगाडीचे निरोप, कुणाच्या तक्रारी. संध्याकाळी कान दुखतो. केळझरला अजून फोन पोहोचलेला नाही. रविवारी जाऊन त्यांना भेटून यावं, असं दर आठवड्याला ठरवतो. पण रविवारीच कुठला तरी महत्त्वाचा निरोप यायचा असतो, आणि मी बसून राहतो.